हटवारकाकांचा न दिसलेला तेजोमेघ

हटवारकाकांनी आयुष्यात एकच वस्तू पहिल्या झटक्यात पास केली, ती म्हणजे स्वतः हटवारकाका. बाकी जगाची फेरतपासणी चालू होती.

काकांना जाऊन आता दीड वर्ष झालं. पण अजूनही नवी खुर्ची घरात आली की मी आधी तिचे चारही पाय हलवून पाहतो आणि मगच बसतो. ही त्यांचीच देणगी. ते चौतीस वर्षं जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. तिथे नेमकं काय तपासत, हे मला आजही ठाऊक नाही. विचारलं की आवाज खाली आणून म्हणत, "सांगता येत नाही, मास्तर." ठीक आहे, देशाचा प्रश्न. पण बाजारातून येताना "काय आणलं काका?" असं विचारलं तरी तेच उत्तर यायचं, आणि पिशवीतून वांग्यांचे देठ बाहेर डोकावत असायचे.

निवृत्तीनंतर त्यांनी भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेपासून जरा आत, आमच्या घराला लागून घर बांधलं. घर बांधताना मिस्त्रीनं तीनदा काम सोडलं. मुलीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा मुलीला कोणी पाहिलंच नाही, काकांनी मुलाला पाहिलं. त्याचे दोन्ही हात उताणे-पालथे करून घेतले, अंगणाच्या टोकापर्यंत चालायला लावलं आणि निकाल दिला, "चालन. पण नजर ठेवा लागन." तो जावई अजूनही सासुरवाडीला आला की ताठ चालतो.

इंदूकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, चाळीस वर्षं दिवसातून दोनदा नापास होत होत्या. पहिला घास घेतला की काका डोळे मिटायचे, जीभ टाळूला लावायचे आणि सांगायचे, "मीठ मर्यादेच्या बाहेर हाये." मग ताट चाटून पुसून संपवायचे. काकू म्हणायच्या, "रिजेक्ट माल सारा पोटात टाकला बाप्पा यानं." हसून म्हणायच्या. त्या हसण्यावर तो संसार चालला होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

निवृत्त माणसं भजनात जातात, मुलाकडे जाऊन नातवंडं सांभाळतात, काही नाही तर पारावर बसून सरकार चालवतात. काकांनी काच घासायला घेतली. दुर्बिणीचा आरसा विकत मिळतो हे त्यांना माहीत होतं. पण तो विकतचा आरसा तपासला कोणी? झालं. मागच्या अंगणात डांबराचा जुना ड्रम वाळू भरून उभा केला. त्यावर आठ इंची जाड काच, तिच्यावर दुसरी काच, मध्ये पाणी आणि घासायची पूड. पाच वेळा मागेपुढे घासायचं, एक पाऊल सरकायचं, पुन्हा पाच वेळा. असं ड्रमभोवती गोल गोल सात महिने. गल्लीतल्या एका म्हातारीला वाटलं माणसानं नवस बोललाय. तिनं एका सकाळी ड्रमवर जास्वंदाचं फूल वाहिलं. काकांनी फूल उचललं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "देठ सडका हाये." नळीसाठी प्लास्टिकचा जाडा पाइप आणला, तेव्हा चार जण येऊन बोअरला पाणी किती फुटांवर लागलं ते विचारून गेले.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. तोपर्यंत मी वर्षानुवर्षं फळ्यावर दुर्बिणीची आकृती काढत होतो, पोरांना पाचपैकी पाच देत होतो, आणि दुर्बिणीला कधी हात लावला नव्हता. काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी विसरलेलो नाही. त्यानंतर मी रोज संध्याकाळी त्यांच्या अंगणात हजेरी लावू लागलो.

चंद्र त्यांनी दोन संध्याकाळींत संपवला. शनीची कडी पाहून "ठीक हाये" म्हणाले. शनीला एवढा मान कोणी दिला नसेल. मग त्यांनी एक तेजोमेघ धरला. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी ययाति नावाचा तारकासमूह डोक्यावर येतो, त्यात वायूचा एक लांबट पट्टा आहे. आकार अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यासारखा, म्हणून नावही तेच. शेजारच्या तापलेल्या ताऱ्यामुळे तो स्वतः उजळतो, पण इतका फिका की फोटोत झकास लाल दिसतो आणि डोळ्याला काही म्हणजे काही नाही. त्यासाठी वेगळा फिल्टर मिळतो. तो बाकीचा उजेड अडवतो आणि त्या वायूतला फक्त निळसर हिरवा उजेड आत सोडतो. अर्धा तास आधीपासून अंधारात बसायचं, मोबाइलकडे बघायचं नाही, आणि भिंगाला डोळा लावल्यावरही सरळ पाहायचं नाही. नजर थोडी बाजूला न्यायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपायचं. जन्मभर सगळ्यांकडे डोळे वटारून पाहिलेल्या माणसानं निवडावी तर हीच वस्तू!

"काहून पण काका?" मी एकदा विचारलं. "मोबाइलवर फोटो आहे ना. दाखवतो."

"फोटो ज्यानं काढला, त्यानं पाहिला," काका म्हणाले. "मी मरणाच्या आधी माह्या डोळ्यानं पाहीन. पाहिल्याशिवाय पास नाही."

त्यासाठी एक रजिस्टर होतं. तारीख, आभाळ कसं, भिंग कोणतं, निकाल, सही. निकालाच्या रकान्यात ओळीनं "नाही दिसले, नाही दिसले". पानंच्या पानं. इतक्या नेमानं न दिसलेल्या गोष्टीची नोंद ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पहिल्याच हिवाळ्यात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायका आत, आणि त्यांना सोडायला आलेले पाचसहा नवरे अंगणात. काकांनी त्यांना ओळीनं दुर्बिणीपाशी बसवलं. "दिसते काय, खरं सांगा."

"हाव जी, दिसलं!"

"बम सुंदर आहे जी काका!"

"एकदम क्लिअर!"

शेवटी मी बसलो. घरी भाजी गार होत होती. मला काळोखाशिवाय काही दिसेना, पण विज्ञानाच्या मास्तरला शोभेल असं म्हणालो, "अबब! केवढा विस्तार आहे!"

काका शांतपणे दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाशी गेले आणि त्यांनी तिथलं झाकण काढलं.

त्या रात्री रजिस्टरमध्ये सहा नावं चढली. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, "झाकण पाहिले. साक्षीस अपात्र." मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण यात खरं नुकसान माझं नाही झालं, काकूंचं झालं.

पंधरा दिवसांनी अमावस्या आली. आम्ही दोघं अंगणात, झाकण काढलेलं, ते मी स्वतः हात लावून पाहिलं होतं. काकू चहा घेऊन आल्या. आदल्या वर्षी भंडाऱ्याच्या एका शिबिरात त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. काका चेष्टेनं म्हणाले, "ये, तूही पाहून घे. साऱ्या गावानं पाहिलं, तूच राहिली."

काकू स्टुलावर बसल्या. पाइपाला हलकेच बोट लावून पुढेमागे केलं. पुन्हा एकदा केलं. मग म्हणाल्या, "हा डाव्या अंगाचा पट्टा तो का?"

"कोणता पट्टा?"

"लांबट आहे जी. धुतलेल्या लुगड्यावर निळीचा डाग राहते ना, तसा. पाइप हालवला का दिसते, थांबला का जाते."

काकांनी त्यांना उठवलं आणि स्वतः बसले. दहा मिनिटं डोळा लावला. उठले ते रजिस्टर घेऊन आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल पुसताना काकूंनी ती ओळ वाचली. "सौ.: भास झाला." खाली सही.

मी पेपर मागायला गेलो होतो. स्वयंपाकघरातून आवाज येत होता.

"मी खोटी बोलली का?"

"खोटं नाही म्हटलं. भास म्हटलं."

"भाजी खारट म्हणता, म्हणा. चाळीस वर्ष म्हटलं. पण मी माह्या डोळ्यानं पाहिलं, त्याले भास म्हणता? मी का त्या झाकण पाहणाऱ्या लोकातली आहे?" मी पेपर न मागताच मागे फिरलो. "आता तुमी सोता म्हणाल, 'तुले दिसलं होतं', तवाच मी त्या पाइपाजवळ येईन."

अडलं ते तिथे. काकांना तो तेजोमेघ स्वतः पाहिल्याशिवाय काकूंचं खरं मानता येत नव्हतं, आणि तेजोमेघ काही दिसत नव्हता. भांडण नाही, आदळआपट नाही. स्वयंपाक तसाच, नापास करणंही तसंच. पण काकूंनी हसणं बंद केलं. संध्याकाळचा चहा मागच्या पायरीवर ठेवायच्या, वाटीनं झाकायच्या आणि आत जायच्या. अंगणात पाऊल नाही. असे नऊ हिवाळे गेले. मला काकांचा संताप यायचा. त्याहून माझा यायचा, कारण काकूंच्या बाजूनं साक्ष द्यायला उभा राहण्याची माझी लायकी मीच झाकणापायी घालवली होती.

त्या नऊ हिवाळ्यांत काकांनी दर वर्षी एक आरोपी पकडला. पहिला गल्लीतला दिवा. त्याच्या दिशेला बांबू रोवून बारदाना बांधला. आमच्या सौ.नं विचारलं, "काकांकडे कार्य आहे का?" मग वरठीकडच्या पोलाद कारखान्याचा तांबूस उजेड. त्याला बारदाना पुरेना, म्हणून त्या दिशेला पाठ करून बसू लागले. मग दव. मग धान निघाल्यावर बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, पेटवलेल्या तणसाचा धूर. मग आरशाचा मुलामा. आरसा खोक्यात घालून नवा मुलामा चढवायला पाठवला, आला तो पुन्हा तपासला, पुन्हा पाठवला. मग फिल्टर बदलला. एका वर्षी तर मी दोषी ठरलो. माझ्या श्वासानं भिंगावर वाफ येते म्हणे. तो अख्खा जानेवारी मी मफलर तोंडावर बांधून दरोडेखोरासारखा बसलो.

स्वतःचे डोळे? ते तर दर रविवारी तपासले जात. ओसरीच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता टांगलेला होता, वर एक मोठं अक्षर आणि खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी. वीस फुटांवर फरशीत रेघ कोरलेली. रविवारी आंघोळ झाली की काका रेघेवर उभे राहत, एक डोळा तळहातानं झाकत आणि शेवटची ओळ खणखणीत म्हणत, "र, व, ग, म, न, ल!" मग दुसरा डोळा. मग रजिस्टरमध्ये "दोन्ही डोळे: पास". मी हे इतक्या वेळा ऐकलं की मला झोपेतही ती ओळ म्हणता आली असती. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण विज्ञानाचा मास्तर ना मी!

प्रकाश काकूंच्या डोक्यात पडला. दिवाळीच्या रंगकामाआधी त्या कुंपणापाशी आल्या. "मास्तर, असाच तक्ता कुठं भेटन का? अक्षरं दुसरे पाहिजेत. साइज तीच." कशाला ते सांगितलं नाही. मी भंडाऱ्याच्या एका चष्म्याच्या दुकानातून आणून दिला.

दिवाळी होऊन गेली. एका रविवारी काकूंनी मला नाश्त्याला बोलावलं. त्या ओसरीत सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. काका रेघेवर उभे राहिले, डोळा झाकला आणि भिंतीकडे पाहून म्हणाले, "र, व, ग, म, न, ल!"

मी भिंतीकडे पाहिलं. हातातली बशी मी खाली ठेवली.

"पास झाले का?" काकूंनी सुपातून मान वर न करता विचारलं.

"सहाच्या सहा."

"मास्तर, तुमी वाचा बरं जरा."

मी वाचलं. वाचावंच लागलं. "ट, प, ख, ज, अ, स."

काकांनी डोळ्यावरचा हात काढला. मग चालत तक्त्यापाशी गेले. एका हातावर आले तरी थांबले नाहीत. नाक भिंतीला टेकायला आलं तेव्हा थांबले. "हा कधी बदलला?"

"दिवाळीले. पाच रविवार झाले," काकू म्हणाल्या. "पाची रविवार पास होऊन राहिले तुमी."

दोन दिवस त्यांच्या घरातून कोणत्याही भाजीबद्दल तक्रार ऐकू आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापाशी उभे. "मास्तर, भंडाऱ्याले डॉक्टरकडे जाचं हाये. गाडी काढा."

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं आणि म्हणाली, "काका, दोन्ही मोतीबिंदू चांगलेच पिकलेत. इतकी वर्षं दिसत कसं होतं?" मग तिनं समजावलं, की वयानं डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळसर उजेड तेच आधी गिळून टाकतं. काकांनी दुर्बिणीचा फिल्टर खिशातून काढून तिच्यापुढे धरला. असला फिल्टर ते डॉक्टरकडे खिशात घालून आले होते! "यातून येते तो उजेड?"

तिनं तो खिडकीकडे धरून पाहिला. "हा उजेड तर नक्कीच अडणार, काका."

बाहेर येऊन ते बाकावर बसले. "आरसा तपासला," म्हणाले. "भिंग तपासलं, फिल्टर तपासला. दिवा, धूर, तुमचा श्वास. साऱ्यात शेवटचं भिंग डोळ्यातलं. ते राहिलं." माझ्या जिभेवर चांगला टोमणा आला होता. नऊ वर्षं साठवलेला. पण त्यांचा चेहरा पाहून मी तो गिळला. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तिले खरंच दिसलं असन का जी?"

"मग तसं सांगून टाका ना त्यांना."

"सांगाची गोष्ट नाही ते. पाहाची हाये."

घ्या! डोळे गेले, पण खोड कायम.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं परवानगी दिली त्यानंतरची पहिली अमावस्या जानेवारीत आली. संध्याकाळचे साडेसात वाजले होते. अर्धा तास अंधारात बसून झाला होता. काका स्टुलावर बसले, नवा डोळा लावला, नजर बाजूला नेली. पाइपाला बोट लावून हलकेच ढकललं. थांबवलं. परत ढकललं. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, मग तो ऐकू येईनासा झाला.

"डाव्या अंगानं," ते पुटपुटले. डोळा बदलून जुना लावला. "नाही." परत नवा. "हाये." परत जुना, परत नवा. असं किती वेळा केलं, मी मोजलं नाही. शेवटी मान वर केली तेव्हा गालावरून पाणी वाहत होतं. "थेंब टाकले होते डोळ्यात," ते म्हणाले. डॉक्टरचे थेंब दुपारी टाकून झाले होते, पण मी कोण साक्ष देणारा!

ते रजिस्टर घेऊन मागच्या दारातून आत गेले. जुनं पान काढलं. त्यांच्या खात्यात नोंद खोडायची पद्धत नव्हती, चुकीच्या शब्दावर एकच रेघ मारून बाजूला सही करायची. त्यांनी "भास झाला" वर रेघ मारली, सही केली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मी पायरीवर होतो. सभ्य माणूस असतो तर निघून गेलो असतो.

"हे पाहा," काका म्हणाले.

काकू पोळी लाटत होत्या. "काय आहे?"

"नोंद दुरुस्त केली."

"वही नका दाखवू. तोंडानं म्हणा."

काका खाकरले. एकदा, दोनदा. वांग्यांपासून जावयापर्यंत ज्या तोंडानं सगळ्यांचे निकाल दिले, ते तोंड उघडेना. तव्यावरच्या पोळीचा करपल्याचा वास यायला लागला आणि काकूंनी ती उलटली नाही. त्या लाटणं धरून तशाच उभ्या होत्या.

"तुले दिसलं होतं," काका म्हणाले. "नऊ वर्ष आधी. तुले खरंच दिसलं होतं. मीच आंधळा होतो वं."

काकूंनी गॅस बंद केला. पदरानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं, आणि चपला न घालताच अंगणात आल्या.

पुढच्याच पावसाळ्यात काका गेले, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन राहूनच गेलं. पण मला ते आठवतात ते त्या संध्याकाळचे. काकू स्टुलावर, डोळा भिंगाला. बारदाना वाऱ्यानं सरकला होता आणि गल्लीतल्या दिव्याचा उजेड त्यांच्या तोंडावर येत होता. काका मागे उभे राहिले आणि त्यांनी आपल्या दोन्ही हातांचा आडोसा करून तो काकूंच्या कपाळाला टेकवून धरला. त्यांनी काकूंना हात लावलेला मी कधी पाहिला नव्हता. मी एव्हाना निघून अंगणाच्या गेटपाशी पोचलो होतो.

"दिसून राहिलं का?" काकांनी विचारलं.

"हात थंडे आहेत तुमचे," काकू म्हणाल्या, आणि कपाळ तसंच टेकवून ठेवलं.